कुत्ना होरा: चांदीच्या गावात एक दिवस, पण आधी खाण आणि मग हाडं

प्रागला चार दिवस असलेला मराठी माणूस साधारणपणे तिसऱ्या दिवशी विचारतो, "इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे?" उत्तर ठरलेलं असतं: कुत्ना होरा. आणि लगेच मोबाइलवर फोटो येतो, मानवी हाडांच्या झुंबराचा. बहुतेक लोक ते झुंबर बघायला जातात आणि तेवढं बघून परत येतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तेच केलं. स्टेशनवर उतरलो, जवळच असलेल्या अस्थिगृहात गेलो, रमलो, रमतगमत गावात पोचलो, तर खाणीची शेवटची फेरी भरलेली. चांदीच्या खाणीमुळे जन्मलेल्या गावात जाऊन मी खाणच न बघता परतलो. दुसऱ्यांदा गेलो ते उलट्या क्रमाने, आणि खालचा सगळा बेत त्या क्रमावर उभा आहे. चांदी ज्या वाटेने गेली त्या वाटेने जायचं: खाण, खाणकामगारांचं देऊळ, टांकसाळ, आणि शेवटी हाडं.

तसं केलं की हाडांचा अर्थही वेगळा लागतो.

गाव नेमकं काय आहे

प्रागच्या पूर्वेला साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटरवर हे गाव. आधी इथे होता तो आज गावाचाच भाग असलेल्या सेद्लेत्सचा मठ, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा, स्थापना ११४२ ची. दंतकथा अशी की मठातला आंतोनीन नावाचा एक साधू झाडाखाली झोपला आणि जागा झाला तर जमिनीतून चांदीचे कोंब वर आलेले. जागा सापडावी म्हणून त्याने अंगावरची कफनी तिथे टाकली आणि मठाकडे धावला. चेक भाषेत कफनीला 'कुत्ना' म्हणतात आणि डोंगराला 'होरा'. कफनीचा डोंगर! नावाची खरी व्युत्पत्ती काहीही असो, गाइड ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इथे चांदीसाठी झुंबड उडाली. १३०० मध्ये राजा दुसरा वाच्लाव याने दोन कामं केली. इटलीतल्या ओर्व्हिएतोच्या एका कायदेपंडिताकडून खाणींसाठी सविस्तर कायदा लिहून घेतला आणि 'प्राग ग्रोश' हे चांदीचं जाड नाणं पाडायला सुरुवात केली. पुढची दोन-अडीचशे वर्षं बोहेमियात, म्हणजे तेव्हाच्या चेक राज्यात, प्रागच्या खालोखाल वजन होतं ते या गावाचं. सोळाव्या शतकात सर्वांत खोल खाणी पाण्याने भरल्या, याखिमोव्ह या नव्या चेक खाणीने बाजार मारला, अमेरिकेतली चांदीही यायला लागली आणि गाव हळूहळू झोपी गेलं. याखिमोव्हचं जर्मन नाव योआखिमस्टाल. तिथल्या 'टालर' नाण्यावरूनच आजचा 'डॉलर' आला. म्हणजे कुत्ना होराला बुडवणाऱ्या गावाचं नाव आजही जगाच्या खिशात आहे.

गाव झोपलं म्हणून टिकलं. १९९५ पासून जुनं गाव, संत बार्बराचं चर्च आणि सेद्लेत्सचं कॅथेड्रल जागतिक वारसा यादीत आहेत.

निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

वार आणि महिना. खाण दाखवणारं चांदीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि हिवाळ्यात काही महिने पूर्णच बंद असतं. एप्रिल ते ऑक्टोबर, सोमवार सोडून, हा सुरक्षित हिशेब. तरी वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच दिवस पक्का करा.

खाणीची फेरी. संग्रहालयात दोन वेगवेगळ्या फेऱ्या आहेत: पहिलीत फक्त वरची दालनं, दुसरीत दालनं आणि खाण. आपल्याला दुसरी हवी. ती गाइडसोबतच करावी लागते, तिला दीड तास लागतो आणि एका तुकडीत मोजकीच माणसं घेतात. तिकीट आधी काढा आणि त्याच वेळी भाषा विचारून घ्या. चेक भाषेतल्या फेरीत शिरलात तर गाइडच्या विनोदांवर बाकीचे हसतील आणि तुम्ही भिंत बघत राहाल.

प्रागहून बसने नेणारी सहल घ्यावी का? घ्यायला हरकत नाही, विशेषतः बरोबर वयस्कर मंडळी असतील तर. पण अर्ध्या दिवसाच्या बहुतेक सहलींत खाण नसते. कार्यक्रमात 'चांदीच्या गावाचा फेरफटका' असं लिहिलेलं असलं तरी 'खाणीच्या आत प्रवेश' असे शब्द आहेत का ते वाचा. नसतील तर आगगाडीने स्वतः जा आणि गाइड गावात घ्या, स्वस्तही पडतं.

पैसे. चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. स्वच्छतागृहासाठी आणि गावातल्या बससाठी थोडी नाणी मात्र खिशात ठेवा. प्रागमध्ये रस्त्यावर नोटा बदलून देतो म्हणणाऱ्याकडे बघूही नका.

कपडे. वर ऊन असलं तरी खाणीत बारा अंशांच्या आसपास गारवा असतो. पातळ स्वेटर आणि पकड असलेले बूट हवेत. साडी किंवा घोळदार पायजमा घालून खाणीत उतरू नका.

सकाळ: गाडी आणि पहिली चूक टाळणं

प्रागच्या मुख्य स्थानकावरून सकाळी आठच्या आसपासची गाडी पकडा. तासाभराचा प्रवास आहे. काही गाड्या थेट जातात, काहींना कोलीन इथे बदलावं लागतं. तिकीट काढताना 'कुत्ना होरा, म्येस्तो' असं सांगा, म्हणजे गावातल्या स्टेशनापर्यंतचं.

इथेच लोक फसतात. मोठी गाडी थांबते ते मुख्य स्थानक गावात नाहीच. ते सेद्लेत्समध्ये आहे, जुन्या गावापासून जवळजवळ तीन किलोमीटरवर. तिथे उतरलं की पाय आपोआप गर्दीच्या मागे अस्थिगृहाकडे वळतात. वळू नका. त्याच स्थानकावरून एक-दोन डब्यांची छोटी गाडी गावाकडे जाते. ती 'म्येस्तो'ला दहाएक मिनिटांत सोडते. छोटी गाडी नुकतीच सुटली असेल तर स्थानिक बस घ्या. 'म्येस्तो' स्टेशन ओढ्याच्या खोऱ्यात खाली आहे आणि गाव वर, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांचा चढ आहे.

खाण

संग्रहालय 'ह्रादेक' नावाच्या जुन्या गढीत आहे. दालनांत आधी खनिज दाखवतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशा होते: करडा, काळसर, निस्तेज दगड. चमकणारी चांदी कुठेच नाही. इथली चांदी इतर धातूंच्या गंधकी खनिजांत अडकलेली होती. दगड फोडायचा, भाजायचा, शिशाबरोबर वितळवायचा, मग शिसं जाळून काढायचं, तेव्हा तळाशी चांदीची गोळी उरायची. आपल्या सराफकट्ट्यावर मुशीत चांदी शुद्ध करताना ज्याने पाहिलंय त्याला हे चटकन कळेल. फरक एवढाच की इथे त्यासाठी आसपासची जंगलं भट्टीत गेली.

बागेत 'त्रेय्व्ह' नावाचं अवाढव्य लाकडी यंत्र आहे, तिथे पाच मिनिटं द्या. मधोमध उभा खांब, त्याला आडवे दांडे, दांड्यांना जुंपलेले घोडे गोल गोल फिरायचे आणि खांबावर दोर गुंडाळला जाऊन खालचा दगड किंवा पाणी वर यायचं. तेल्याचा घाणा डोळ्यांसमोर आणा, बैलांच्या जागी घोडे ठेवा आणि सगळं कितीतरी पट मोठं करा. इथल्या 'ओसेल' म्हणजे 'गाढव' नावाच्या खाणीची खोली सुमारे ५०० मीटरपर्यंत गेली होती. त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी माणूस इतका खाली गेला असेल.

मग पांढरा डगला, शिरस्त्राण आणि दिवा हातात देतात. डगला ही पर्यटकांसाठी केलेली नाटकी गंमत आहे असं वाटतं, पण तसं नाही. इथला खाणकामगार खरोखरच असा टोपीवाला पांढरा डगला घालायचा. अंधारात माणूस दिसावा म्हणून पांढरा, असं गाइड सांगतो. पाठीमागे कमरेखाली कातड्याचा तुकडा बांधलेला असे, कारण उतारावरून खाली जाताना बसून घसरायचं. ते कातडं फाटलं की माणसाचं काय होत असेल याचा विचार मी उतरताना करत होतो, कारण आपल्याला निदान पायऱ्या आहेत. शंभराहून जास्त. त्या पायऱ्यांनी आपण जेमतेम तीस-पस्तीस मीटर खाली जातो, आणि कामगार त्याच्या दहापटीहून जास्त खोल जात होते, शिड्यांनी.

आतली वाट अडीचशे मीटरच्या आसपास आहे. सर्वांत अरुंद जागी रुंदी चाळीस सेंटीमीटर, सर्वांत बुटक्या जागी उंची एकशे वीस. एका ठिकाणी मी खांदे तिरके करून, पोट आत ओढून, पाठीवरची पिशवी हातात घेऊन सरकलो. (पिशवी वर ठेवून या. मी ऐकलं नव्हतं.) भिंतीजवळ दिवा नेला की छिन्नीच्या खुणा दिसतात, बोटभर अंतरावर, तिरक्या, एकाखाली एक. हातोडा आणि छिन्नी, एवढंच हत्यार. जिथे दगड फारच कठीण तिथे लाकडं पेटवून तो तापवायचा, म्हणजे तडकतो. छताला डोकं लागलं की शिरस्त्राणाचा 'टक' असा आवाज येतो आणि पुढे-मागे सगळ्या रांगेतून तसे टक-टक ऐकू येत राहतात.

मध्ये एका जागी गाइड सगळ्यांना दिवे बंद करायला लावतो. डोळे उघडे की मिटलेले हे कळत नाही असा अंधार. कामगारांकडे चरबीची मिणमिणती दिवटी असायची आणि तीही विझू शकायची.

स्पष्टच सांगतो: बंद जागेची धास्ती असेल, गुडघे दुखत असतील, दम लागत असेल, तर खाणीत जाऊ नका, मध्येच परत फिरणं अवघड असतं. आई-बाबांना बरोबर आणलं असेल तर त्यांना दीड तास संत बार्बराच्या बाजूच्या गच्चीवर बसवा. बाकावर बसलं की खालचं खोरं आणि द्राक्षांचे मळे दिसतात. थर्मासमधला चहा त्यांच्याकडे द्या, ते तुमच्याहून सुखात राहतील.

खाणकामगारांचं देऊळ

ह्रादेकपासून पाच-सात मिनिटं चालत. एका बाजूला जेझुइटांचं लांबलचक विद्यालय, आता तिथे कलादालन आहे. दुसऱ्या बाजूला कठड्यावर संतांच्या दगडी मूर्तींची रांग. प्रागच्या चार्ल्स पुलाची आठवण होते, फक्त गर्दी नाही.

समोर संत बार्बरा, छपराला तंबूसारखी तीन टोकं. बार्बरा ही खाणकामगारांची रक्षक संत, कारण अचानक येणाऱ्या मरणापासून ती वाचवते अशी श्रद्धा. बांधकाम १३८८ मध्ये सुरू झालं, प्रागचं कॅथेड्रल बांधणाऱ्या पेटर पार्लेरच्या मुलाकडे, यानकडे, काम होतं. मग हुसवादी युद्धांत (यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या युद्धांत) थांबलं, १४८२ मध्ये पुन्हा सुरू झालं, १५५८ मध्ये पैसा संपला आणि पूर्ण झालं ते थेट १९०५ मध्ये. गावातल्या चांदीचा ताळेबंद वाचायचा तर या तारखा पुरेशा आहेत.

या देवळात श्रद्धेइतकंच राजकारणही आहे. गाव धार्मिक बाबतीत सेद्लेत्सच्या मठाच्या ताब्यात होतं आणि श्रीमंत झालेल्या गावकऱ्यांना ते खुपत होतं. म्हणून त्यांनी गावकुसाबाहेर, मठाची सत्ता नसलेल्या जमिनीवर स्वतःचं देऊळ उभारायला घेतलं. मठाच्या कॅथेड्रलला टक्कर देईल असं. पैसा खाणीचा, त्यामुळे आत संतांबरोबर कामगारही आहेत.

आत गेल्यावर सगळ्यांच्या माना वर जातात, पाकळ्यांसारख्या कमानींचं ते छत आहेच तसं. पण तीन गोष्टी खाली शोधा. एक, पांढऱ्या डगल्यातल्या खाणकामगाराची मूर्ती, हातात दिवा. नुकताच तोच डगला अंगावरून उतरवून आलेला असलात तर तिच्यासमोर थोडं थांबाल. दोन, टांकसाळवाल्यांचं दालन: भिंतीवर नाणी पाडणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. तीन, बाकीच्या भिंतींवर राहिलेली खाणकामाची चित्रं. आपण देवळांत दाते आणि राजे कोरलेले पाहतो, घण उचललेला मजूर देवासमोर चितारलेला क्वचितच.

बार्बरा, सेद्लेत्सचं कॅथेड्रल आणि अस्थिगृह या तिघांचं मिळून एक तिकीट मिळतं. ते इथेच काढा म्हणजे संध्याकाळी रांग नाही.

जेवण

साडेबारा-एकपर्यंत भूक लागतेच. जुन्या गावात चेक पद्धतीची खानावळ दर दोन गल्ल्यांत आहे. शाकाहारी असाल तर 'स्माझेनी सीर' मागा: जाड चीजचा तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, बरोबर बटाटे आणि टार्टर सॉस. पोट गच्च होतं. चुऱ्याच्या आवरणात आणि टार्टरमध्येही अंड असतं हे लक्षात ठेवा. 'ब्राम्बोराच्का' म्हणजे बटाटा-अळंब्यांचं सूप छान असतं, पण मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. 'बेझ मासा' म्हणजे 'मांसाशिवाय' हे दोन शब्द पाठ करून जा. मांसाहारी मंडळींनी 'स्विच्कोवा' मागवण्याआधी ते गोमांस आहे हे जाणून मागवावं. आणि ज्यांना यातलं काहीच नको, त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून बागेतल्या बाकावर बसावं. आम्ही तेच केलं.

जेवून टांकसाळीकडे जाताना वाटेत बारा बाजूंचा दगडी हौद लागतो, १४९५ चा, नक्षीकामाने मढवलेला. पाण्याच्या टाकीला इतका थाट का? खाणींनी जमिनीखालचं पाणीच पळवलं होतं. प्यायचं पाणी लांबून आणून इथे साठवावं लागे.

टांकसाळ

'व्लाश्स्की द्वूर' म्हणजे इटालियन वाडा. नाव पडलं ते ग्रोश पाडण्यासाठी फ्लॉरेन्सहून बोलावलेल्या जाणकारांवरून. पुढे राजाचा मुक्कामही इथे असे. १४०९ मध्ये चौथ्या वाच्लावने कुत्ना होराचं फर्मान काढलं, प्राग विद्यापीठात चेक लोकांना मताधिक्य दिलं, तेव्हा रागावलेले जर्मन अध्यापक निघून गेले आणि त्यांनी लाइपझिगचं विद्यापीठ काढलं. लाइपझिगला शिकलेला कुणी मराठी मुलगा-मुलगी बरोबर असेल तर तिला सांगा, तुझ्या कॉलेजची सुरुवात या गावातल्या भांडणातून झाली.

फेरी गाइडसोबतच होते. नाणं कसं पाडायचे ते दाखवतात: खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा हाताने धरायचा आणि हातोड्याचा एक घाव. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपटांचा सिंह. घाव जरा तिरका बसला की अक्षरं काठाबाहेर जातात. घरी कुणाकडे शिवराई असेल तर काढून बघा. 'श्री राजा शिव' यातलं एखादं अक्षर कडेला अर्धंच उमटलेलं असतं, ते याच कारणाने. मला त्या प्रात्यक्षिकात रायगड आणि बोहेमिया एकाच ओंडक्यावर दिसले.

हिशेबाचं एक टिपून ठेवा: साठ ग्रोश म्हणजे एक 'कोपा'. मोठे व्यवहार कोप्यांत होत, जसे आपल्याकडे कोडीने.

दुपार उलटल्यावर: सेद्लेत्स

चारच्या आत बसने सेद्लेत्सला या. चालत यायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो आणि तो रस्ता रटाळ आहे.

आधी कॅथेड्रल. मूळ बांधणी १३०० च्या आसपासची, हुसवाद्यांनी १४२१ मध्ये मठ जाळला, आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षं भिंती तशाच उभ्या राहिल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सांतिनी या वास्तुकाराने छत आणि आतला भाग नव्याने केला. सकाळचा अंधार अजून डोळ्यांत असेल तर आतला फिकट, स्वच्छ उजेड अंगावर येतो. मधल्या खांबाशिवाय वर जाणारा गोल जिना चुकवू नका. बाजूच्या मठाच्या इमारतीत १८१२ पासून तंबाखूचा कारखाना आहे.

आता हाडं. १२७८ मध्ये मठाधिपती इंद्रिख पवित्र भूमीतून मूठभर माती घेऊन आला, ती इथल्या दफनभूमीत टाकली आणि दूरदूरचे लोक इथेच पुरलं जावं म्हणून धडपडू लागले. गंगाजळाचा थेंब तोंडात पडावा असं वाटणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यात चौदाव्या शतकातली प्लेगची साथ, मग हुसवादी युद्धं. जागा संपली, जुनी हाडं काढून देवळाच्या तळघरात रचली गेली. चाळीस हजारांहून जास्त माणसांची.

१८७० मध्ये श्वार्झेनबेर्ग घराण्याने फ्रांतिशेक रिंट या लाकूड कोरणाऱ्या कारागिराला बोलावलं आणि त्याने ही सजावट केली. झुंबरात माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड निदान एकदा तरी आहे म्हणतात. मला मात्र झुंबरापेक्षा श्वार्झेनबेर्गांचं हाडांचं मानचिन्ह जास्त बोचलं: खालच्या कोपऱ्यात कावळा एका तुर्काच्या कवटीचा डोळा टोचतोय. १५९८ मध्ये या घराण्याने तुर्कांकडून एक किल्ला घेतला त्याची ती खूण. कुण्या कामगाराचं किंवा प्लेगने गेलेल्या बाईचं हाड, आणि त्यातून दाखवलेली सरदाराची फुशारकी.

जाताना तीन गोष्टी. तिकीट दारावर नाही, जवळच्या माहिती केंद्रात मिळतं, म्हणून सकाळचं जोडतिकीट. २०२० पासून आत फोटो काढायला बंदी आहे, मोबाइल खिशातच राहू द्या. हिवाळ्यात बंद होण्याची वेळ लवकर असते. लहान मुलांना न्यावं का हे आपलं आपण ठरवा. माझी आठ वर्षांची भाची घाबरली नाही, तिने हळूच विचारलं, "यांची नावं कुठे लिहिलीत?" नाव एकच आहे, जिन्याजवळच्या भिंतीवर, हाडांनीच लिहिलेलं: रिंटचं.

तिथून मुख्य स्थानक पंधरा मिनिटांवर आहे, सपाट रस्त्याने. साडेपाच-सहाच्या सुमाराची गाडी मिळाली की सातपर्यंत प्राग. फलाटावर खायला फारसं काही मिळत नाही, दशमी उरली असेल तर इथे उपयोगी पडते.